मेंढ्यांतील पर्णकृमी रोग (अक्कलकोट परिसर)

यकृतात शिरून पुढे पित्तनलिकांत वस्ती करणाऱ्या, पानासारख्या चपट्या कृमींमुळे (लिव्हर फ्लूक) मेंढ्यांना होणारा रोग. भारताच्या मैदानी भागात तो मुख्यतः फॅसिओला जायगँटिका या जातीमुळे होतो. थंड डोंगराळ प्रदेशात फॅसिओला हेपॅटिका आढळते.

प्रसार : अक्कलकोट हा सोलापूर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका. मात्र बोरी नदी, तिच्यावरील कुरनूर धरण आणि दक्षिण सीमेवरची भीमा यांच्या काठी ओल टिकते. रान वाळले की दख्खनी मेंढ्यांचे कळप या हिरव्या पट्ट्यांकडे वळतात. अशाच ओलीत, संथ पाण्यात लिम्निया गोगलगायी वाढतात. लेंड्यांतील अंडी पाण्यात पडून फुटतात. त्यांतले डिंभ गोगलगायीत वाढून बाहेर पडतात व कोष करून गवताला चिकटतात. ते गवत खाल्ले की लागण होते. कोरडवाहू मुलखात धोका असतो तो पाण्याकाठच्या हिरव्या चाऱ्यात.

यकृतावरील परिणाम : कोवळे कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात घुसतात आणि कित्येक आठवडे ते पोखरत फिरतात. रक्तस्राव होतो, पेशी मरतात, त्या जागी तंतुमय व्रण उरतात. पेशी फुटल्याने रक्तात जीएलडीएच व एएसटी ही विकरे वाढतात. कृमी पित्तनलिकांत पोचल्यावर जीजीटी वाढते. नलिका जाड होऊन पित्ताचा प्रवाह अडतो. प्रौढ कृमी रक्त शोषतात, त्यामुळे पंडुरोग होतो. यकृतात अल्ब्युमिन कमी तयार होते, शिवाय ते पित्तनलिकांतून झिरपून जाते. रक्तातील पाणी ऊतींत उतरते व जबड्याखाली मऊ सूज येते. बोटाने दाबल्यास तिथे खळगा राहतो. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिकट, पांढरट दिसतो. लागण मोठी असल्यास सूज दिसण्याआधीच मेंढी दगावू शकते.

निदान व उपाय : लेंड्यांत अंडी दिसायला सुमारे तीन ते चार महिने लागतात. तोवर यकृताची बरीच हानी झालेली असते, म्हणून केवळ लेंडी-तपासणीवर विसंबू नये. मेलेल्या मेंढीचे यकृत पशुवैद्यकाकडून जरूर तपासून घ्यावे; त्यावरून उरलेला कळप वाचवता येतो. ऑक्सिक्लोझानाइड प्रौढ कृमींवर, तर ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही चालते. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. पाणी द्रोणीत पाजणे आणि दलदलीचा काठ चराईतून वगळणे हे मेंढपाळाच्या हातातले खात्रीचे उपाय होत.