खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत : मराठी मजकुराच्या सुसंगत मांडणीचा इतिहास

प्रास्ताविक :
संगणकावरील मराठी मजकुराची मांडणी हा बहुधा टंकलेखकाच्या सोयीचा विषय मानला जातो. वस्तुतः त्याची मुळे मराठी मुद्रणाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात आहेत. अक्षर आणि त्याचे दृश्यरूप यांतील भेद जेथे जपला गेला, तेथे मांडणी सुसंगत राहिली. जेथे तो पुसला गेला, तेथे मजकूरच धोक्यात आला. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

खिळ्यांचा कालखंड :
विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत निघाला. पुढे बाळबोध वळण मुद्रणात स्थिरावले. मुंबईत १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी सुरू केलेला निर्णयसागर छापखाना सुबक टंकांसाठी ख्यातनाम झाला. या काळात लेखक मजकूर लिहीत असे आणि त्याचे रूप छापखाना ठरवीत असे. मथळ्याचा व परिच्छेदाचा खिळा ठरलेला असल्याने पुस्तकभर एकसारखेपणा राखणे ही छापखान्याची शिस्त होती. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी हीच एकवाक्यता लेखनाच्या पातळीवर आणण्याचा प्रयत्न केला.

संगणकाचे आगमन :
संगणकाने जुळाऱ्याचे काम लेखकाच्या हाती दिले. छापखान्याची शिस्त मात्र आपोआप आली नाही. १९८३ च्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘स्टाईल’ची सोय होती. मथळा, उपमथळा, अवतरण यांना नाव द्यावे, त्या नावाचे रूप एकदाच ठरवावे आणि ते बदलताच सर्वत्र बदल व्हावा, हे तिचे तत्त्व होय. प्रत्येक मथळा स्वतंत्रपणे ठळक करण्याच्या सवयीत हेच तत्त्व हरवते.

मराठीपुढील अडचण याहून खोल होती. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे प्रमाण संकेतन स्वीकारले गेले. तथापि त्या दशकात प्रकाशनव्यवहारात रूढ झालेल्या अनेक फाँटांनी रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविले. पडद्यावर मराठी दिसे, संगणकाच्या स्मृतीत मात्र रोमन चिन्हे साठविली जात. फाँट बदलताच मजकूर निरर्थक होई. अक्षर आणि रूप यांची ही गल्लत होती.

युनिकोड आणि प्रमाणीकरण :
१९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. विंडोज २००० पासून तिचा वापर सामान्य संगणकावर शक्य झाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षररूपे प्रमाणित केली. त्यात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांना मान्यता मिळाली. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘ल’ यांचा युनिकोड संकेत एकच आहे. वळण ठरवितो तो फाँट. अक्षर व रूप यांची फारकत येथे स्पष्ट दिसते.

तरीही युनिकोड स्वीकारल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. परंतु साध्या शोधात एक सापडते, तर दुसरे निसटण्याचा संभव असतो. कळवण तालुक्यातील दऱ्याखोऱ्यांवरील एखाद्या लेखात हा शब्द दोन्ही प्रकारे आला, तर शोध व दुरुस्ती दोन्ही अपुऱ्या राहतात.

निष्कर्ष :
कळवण-सुरगाणा परिसरातील कोकणा बोलीची शब्दसंपदा, लोककथा, स्थलनामे यांचे संकलन जुन्या फाँटांतील फायलींत अडकले, तर छापील प्रत उरेल. पुढील अभ्यासकाला त्यात शोध घेता येणार नाही. म्हणून युनिकोडमध्ये टंकन, एकच टंकनपद्धती, नावाने ठरविलेल्या स्टाईल आणि जुन्या फायलींचे वेळीच रूपांतर ही सजावटीची नव्हे, तर जतनाची साधने आहेत. छापखान्याची शिस्त आता लेखकाने अंगीकारावयाची आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांनी लेख स्वीकारताना ती आग्रहाने मागितली, तर संपादनाचे श्रम वाचतील आणि मजकूरही टिकेल.