पाश्चात्त्य वर्चस्वाचा उदय आणि वऱ्हाड

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पश्चिम यूरोपातील काही राष्ट्रांनी जगाच्या फार मोठ्या भागावर राजकीय व आर्थिक प्रभुत्व मिळविले. इतिहासकारांच्या एका अंदाजाप्रमाणे १८०० च्या सुमारास पृथ्वीवरील भूभागापैकी सु. ३५ टक्के भाग यूरोपीयांच्या वा त्यांच्या वंशजांच्या ताब्यात होता. १९१४ पर्यंत हे प्रमाण सु. ८४ टक्क्यांवर गेले. या घटनेची कारणमीमांसा करताना तोफा, जहाजे आणि वाफेची यंत्रे यांवर बहुधा भर दिला जातो. परंतु एखादा लहान मुलूख निवडून तेथे ही सत्ता प्रत्यक्ष कशी पोचली हे पाहू लागले, म्हणजे चित्र काहीसे वेगळे दिसते. वाशीम जिल्ह्यातील (तालुका रिसोड) रिठद व त्याच्या आसपासची गावे ज्या प्राचीन वऱ्हाड प्रांतात मोडतात, त्या प्रांताचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा प्रांत इंग्रजांनी निजामाकडून लढून घेतला नाही. तो त्यांच्याकडे कर्जापोटी आला.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ते ठाणे होते. अठराव्या शतकात हा मुलूख निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुअंमलाखाली होता. या भागात कापूस पिके आणि त्याचे कापडही येथेच विणले जाई. १७६९ मध्ये माधवराव पेशवे व जानोजी भोसले यांच्यात कनकापूर येथे तह झाला. भोसल्यांनी वाशीम व बाळापूर येथे विणलेले ठराविक किमतीचे कापड दरसाल पेशव्यांना पाठवावे, असे त्यातील एक कलम होते. तहाच्या कलमात नाव घालावे इतकी या कापडाची ख्याती होती. पुढे शंभर वर्षांत हाच प्रदेश कापडाऐवजी रुई बाहेर पाठवू लागला आणि कापड मँचेस्टरहून घेऊ लागला.

यूरोपच्या उत्कर्षाची कारणे : यूरोपीयांच्या उत्कर्षामागे एकच एक कारण नव्हते. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, त्या वेळी आशियाई बाजारात विकण्याजोगे फारसे काही पोर्तुगीजांजवळ नव्हते. समुद्रावर परवाने देण्याचा अधिकार मात्र त्यांनी तोफांच्या बळावर बजावला. अमेरिका खंडातील रुप्यामुळे यूरोपीयांच्या हाती आशियाचा माल विकत घेण्याचे साधन आले. त्याच खंडातील जमीन व आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचे श्रम यांवर साखर आणि कापूस यांची शेती उभी राहिली. यूरोपातील लहान लहान राज्ये एकमेकांशी सतत लढत राहिल्याने युद्धतंत्र व करव्यवस्था यांत सुधारणा होत गेली. इंग्लंडात दगडी कोळसा सहज उपलब्ध होता व मजुरी महाग होती. त्यामुळे मनुष्यबळाऐवजी यंत्र वापरणे तेथे परवडू लागले. भारतीय छिटांच्या आयातीला व वापराला बंदी करणारे कायदे इंग्लंडने १७०० व १७२१ मध्ये केले आणि त्या आडोशाने तेथील कापडधंदा वाढला. खुल्या व्यापाराचा पुरस्कार इंग्लंडने केला तो पुढे, स्वतःचा धंदा भक्कम झाल्यावर, ही गोष्ट विसरता येत नाही.

या सर्व कारणांत ज्याच्याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते, ते म्हणजे सार्वजनिक पत. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ मध्ये झाली. राज्याचे कर्ज हे राजाचे खासगी देणे न राहता संसदेने हमी दिलेले देणे ठरले आणि अल्प व्याजाने दीर्घ मुदतीचा पैसा मिळू लागला. मराठी राज्यकर्त्यांना मात्र मोहिमेगणिक सावकाराकडे जावे लागे व कितीतरी चढ्या व्याजाने, महसुलाच्या वराता देऊन, रक्कम उभी करावी लागे. पगार तुंबला की फौज धरणे धरून बसे. ईस्ट इंडिया कंपनीचे हप्ते चुकत नसल्याने हिंदी सावकारही तिला कर्ज देण्यास पुढे येत. मराठ्यांच्या पराभवात या गोष्टीचा वाटा त्यांच्या आपसांतील फुटीइतकाच मोठा मानावा लागेल.

१८०३ च्या युद्धात हे स्पष्ट झाले. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या होत्या व आग्रा येथे तोफा ओतण्याचे कारखाने काढले होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे आर्थर वेलस्लीला विजय मिळाला, तरी त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले आणि शिंद्यांच्या सु. १०० तोफा त्याच्या हाती आल्या. एवढ्या तोफा बाळगणारे सैन्य शस्त्रांत मागासलेले होते, असे म्हणता येत नाही. उणीव होती ती वेगळीच. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना वेतनाचे आश्वासन देताच त्यांतील अनेक जण निघून गेले. सरसेनापती पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. वऱ्हाडातील आडगाव (२९ नोव्हेंबर) व गाविलगड (१५ डिसेंबर) येथील पराभवांनंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह केला. त्यान्वये वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख त्यांच्या हातून गेला व तो कंपनीने आपल्या दोस्ताला, निजामाला, दिला.

वऱ्हाडातील सत्तांतर : मुलूख निजामाचा झाला, पण तेथे शांतता नांदली नाही. १८०९ मध्ये पेंढाऱ्यांनी वाशीम लुटले. बंदोबस्तासाठी निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, एक फौज वाढविण्यात आली. तिलाच पुढे कंटिंजंट हे नाव पडले. वाशीमच्या दक्षिणेस हिंगोली येथे तिची एक छावणी होती. १८१९ मध्ये हटकरांचे पुढारी नौसाजी नाईक यांचे नोव्हा येथील ठाणे याच फौजेने हल्ला करून घेतले. या फौजेचा वार्षिक खर्च सु. ४० लक्ष रुपयांपर्यंत गेला. तिची संख्या, तिचे अधिकारी व त्यांचे पगार कंपनीचा रेसिडेंट ठरवी. निजामाकडे काम राहिले ते पैसे देण्याचे.

ते पैसे त्याने पामर आणि कंपनी या हैदराबादेतील पेढीकडून शेकडा वीसहून अधिक व्याजाने काढले. चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आल्यावर हा व्यवहार उजेडात आला. पेढीचे देणे फेडण्यासाठी १८२३ मध्ये कंपनीने निजामाला रक्कम दिली. तिच्या मोबदल्यात उत्तर सरकार प्रांताबद्दल त्याला द्यावी लागणारी वार्षिक पेशकश कायमची बंद करून घेतली. म्हणजे या फौजेपायी निजामाचे एक कायमचे उत्पन्न तेव्हाच बुडाले. तरीही खर्च चालूच राहिला, पगार पुन्हा तुंबले, कंपनीने ते आगाऊ दिले आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडली. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश फौजेच्या खर्चासाठी कंपनीकडे लावून देण्यात आले. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लक्षांचे कर्जही सोडण्यात आले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी ते सालिना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले व १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आले. इंग्रजी अमलात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ मध्ये तो मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला.

वऱ्हाडच का ठेवून घेतले, याचे उत्तर तारखांकडे पाहिल्यास मिळते. मुंबई–ठाणे लोहमार्गावर पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. २० एप्रिलला लॉर्ड डलहौसीने लोहमार्गांविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले व हिंदुस्थानातील कापूस इंग्लंडला किती हवा आहे, याचा त्यात उल्लेख केला. वऱ्हाडचा तह त्यानंतर एका महिन्याने झाला.

कापूस, लोहमार्ग आणि गाव : वऱ्हाडचा कापूस तोवर बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे तो गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत आणि परतताना मीठ व इतर जिन्नस आणीत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले व लँकाशरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला. ब्रिटनच्या कापूस आयातीत हिंदुस्थानचा हिस्सा १८६० मध्ये सु. १६ टक्के होता. १८६२ मध्ये तो सु. ७५ टक्के झाला. भाव कित्येक पटींनी चढले. युद्ध १८६५ मध्ये संपले, मुंबईतील सट्टा कोसळला, पण वऱ्हाडात सुरू झालेला बदल थांबला नाही. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला; कापसाच्या बाजारपेठांसाठी जलंब–खामगाव (१८७०) व बडनेरा–अमरावती (१८७१) हे फाटे काढण्यात आले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, १८७० मध्ये समुद्री तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या व्यापाऱ्याला महिन्यांऐवजी तासांच्या हिशेबाने कळू लागला. शेतकऱ्याला तो कळत नव्हता, आणि नफ्याचा मोठा भाग या अंतरातच होता.

लोहमार्गाने तांड्यांचा धंदा बसला. पिढ्यान्पिढ्या सैन्यांना व बाजारपेठांना रसद पुरविणाऱ्या बंजारा समाजाला शेतमजुरी व मोलमजुरीकडे वळावे लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही प्रांतांत त्यांना गुन्हेगारही ठरविण्यात आले. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे या समाजाचे श्रद्धास्थान आहे. लोहमार्ग ज्या रिठद–वाशीम परिसराच्या कापसावर जगत होता, त्या परिसराला तो स्वतः लाभला नाही, हेही नमूद केले पाहिजे. सु. ८० किमी. अंतरावरील अकोला स्थानकापर्यंत माल बैलगाडीने न्यावा लागे. वाशीमला आगगाडी पोचली ती स्वातंत्र्यानंतर.

मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात १८६१ पासून जमिनीची मोजणी सुरू झाली. शेताला क्रमांक, आकार व खातेदार मिळाला. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे जुने अधिकार गेले व रयतेचा सरकारशी थेट संबंध आला. ही सुधारणा कित्येकांनी वाखाणली आहे, आणि मोगलाईतील मक्तेदारांच्या जुलमापेक्षा ती निश्चित बरी होती. परंतु खातेदाराच्या नावावरील शेत आता विकता येऊ लागले, म्हणून ते गहाणही पडू लागले. सारा रोखीत व ठरल्या तारखेला भरायचा. पीक हाती येण्यापूर्वी ती रोकड सावकाराकडूनच मिळे आणि कागद न्यायालयात टिके. निजाम व कंपनी यांच्यात जे घडले होते, तेच लहान प्रमाणावर गावोगाव घडू लागले. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात याच अवस्थेचे विदारक विवेचन केले.

पिकांतही पालट झाला. वऱ्हाडची ‘बनी’ ही लांब व तलम धाग्याची जात मागे पडून आखूड धाग्याची पण अधिक उतारा देणारी ‘जरी’ पसरली. व्यापारी वजनावर भाव देत असल्याने शेतकऱ्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र ज्या रुईतून वाशीमचे नामांकित कापड निघत असे, ती त्यामुळे दुर्मिळ झाली. ज्वारीची पेवे हा अवर्षणातील जुना आधार होता. ज्वारीची जागा कापूस घेऊ लागला व धान्यही विक्रीचा माल झाले, तसा तो आधार क्षीण झाला. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत याचे फळ दिसले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. वाशीम जिल्ह्यातील घट सर्व प्रांताच्या सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक, सु. ११ टक्के, होती. लोहमार्गाने दुष्काळी भागात धान्य आणता येते हे खरे. पण विकत घेण्यास पैसा नसेल, तर त्याच मार्गाने ते बाहेरही जाते.

इतर परिणाम : जागतिक पातळीवर पाहता, जगातील एकूण कारखानदारी उत्पादनात भारताचा वाटा १७५० च्या सुमारास सु. एक चतुर्थांश होता, तो १९०० पर्यंत दोन टक्क्यांहून खाली आला, असा अंदाज आहे. यंत्रोद्योग येथे वाढलाच नाही असे नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपूरला १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. परंतु लँकाशरच्या आग्रहाने १८८२ मध्ये कापडावरील आयात जकात काढून टाकण्यात आली आणि १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. तो १९२५ पर्यंत चालू होता.

पाश्चात्त्य विद्येचा परिणाम निराळ्या प्रकारचा झाला. सत्तेबरोबर शाळा, छापखाने व वृत्तपत्रे आली आणि त्यांच्याच आधारे त्या सत्तेची चिकित्सा सुरू झाली. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रातून कंपनीच्या लुटीवर टीका केली होती. दादाभाई नवरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत पुढे आकड्यांनिशी मांडला. राष्ट्रीय सभेचे १८९७ चे अधिवेशन वऱ्हाडात, अमरावतीस भरले. गणेश श्रीकृष्ण खापर्डे स्वागताध्यक्ष होते. याच प्रांतातील पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) इंग्लंडात उच्च शिक्षण घेऊन परतले, बहुजन समाजासाठी त्यांनी शिक्षणसंस्था उभारली व १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय कृषिमंत्री होते.

राजकीय वर्चस्व १९४७ मध्ये संपले. बाजाराचे संबंध मात्र त्या तारखेला तुटले नाहीत. भावातील चढउतारांपासून उत्पादकाला वाचविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली होती. ती पुढे मोडीत निघाली. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र शासनाने जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यांत वाशीमसह जुन्या वऱ्हाडातील पाच जिल्हे होते व सहावा वर्धा नदीपलीकडचा वर्धा जिल्हा. रिसोड–वाशीम भागात कापसाची जागा आता मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. त्याच्या भावावर अमेरिका, ब्राझील व अर्जेंटिना येथील उत्पादनाचा आणि शिकागोच्या बाजाराचा परिणाम होतो.