आधी पाणी, मग पाडा

यंदाच्या माघात ठाण्याची आठ कुटुंबं माझ्या ओटीवर येऊन बसली. मुरबाडच्या बाजूला जंगलाला लागून जमीन घ्यायची, प्रत्येकाचं घर लहान आणि वेगळं, पण स्वयंपाकघर, विहीर आणि भाजीचा मळा सगळ्यांचा एक, असा त्यांचा बेत होता. शहापूर तालुक्यात मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होते, म्हणून कोणीतरी माझं नाव सुचवलेलं. "बाई, तुम्ही बघून सांगा," म्हणत त्यांनी नकाशा उलगडला. अशी पहिली वसाहत डेन्मार्कमध्ये १९७२ साली उभी राहिली, हेही त्यांनी सांगितलं. नकाशा चांगला होता. पण तो बघताना मला माझ्या पहिल्या शाळेचा पाडा आठवत राहिला. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच इथं नीट मांडते आहे.

तानसाच्या अंगाला वीस-बावीस घरांचा तो पाडा. भातखाचरं सखल जमिनीत, घरं मुरमाड उंचवट्यावर आणि दोहोंच्या मध्ये झरा. चांगल्या जमिनीवर घर बांधायचं नाही, हा अलिखित नियम. घराघरांत कुंपण नव्हतं. झऱ्याच्या वरच्या कुंडातलं पाणी प्यायला, खालचं गुरांना, धुणं त्याच्याही खाली. पाड्याबाहेर वाघदेव होता. त्याच्या भोवतीच्या झाडांना कोणी कोयता लावत नसे आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी पोरं तिथं नैवेद्य करत. लावणी असो की घर शाकारणं, सावडीनं काम व्हायचं. आज माझ्याकडे सगळे, उद्या तुझ्याकडे सगळे.

त्या पाड्यावर मी एक घर उभं राहताना पाहिलं. ऐनाच्या मेढी आधी रोवल्या, दोन बेचक्यांवर आढं चढवलं, त्यावर बांबूचे वासे. मग भिंत, म्हणजे कूड. अंगठ्याएवढ्या जाडीच्या कारव्या उभ्या लावायच्या, बांबूच्या आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, भाताचा तूस एकत्र मळून लिंपायचं. लिंपण बायकांचं काम. तळहातानं खालून वर नेलेले त्यांचे फराटे वाळल्यावरही दिसायचे. अशी भिंत उन्हाळ्यात तापत नाही, आणि जुनी झाली की मातीला मिळते. आमच्याकडची कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. ते चक्र ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाच ती कधी आणि किती कापायची हे कळत होतं. घरमालक म्हातारा मला म्हणाला होता, "घर चार दिसांत हुबं ऱ्हातं, बाई. पानी आनि रान नसंल तर त्या घरात ऱ्हायचं कोनी?"

रान आणि शेत इथं वेगळं नव्हतंच. खाचराच्या जोडीला डोंगरउतारावरची वरकस जमीन असायची. तिच्यावर नागली-वरई व्हायची आणि तिथल्या झाडांच्या फांद्या राबाला यायच्या. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत थरांनी पसरून वर माती टाकायची आणि भाजायचं. त्या भाजलेल्या मातीत भाताचं रोप जोमानं येतं. ऐन खोडातून तोडत नसत, फांद्याच छाटत. दोन-तीन वर्षांत तो पुन्हा भरायचा.

ही घडी मोडली ती कायद्यानं. १८७८ च्या वन कायद्यानं रान राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत वाटलं गेलं आणि काल जो हक्क होता तो आज सवलत झाला, किंवा गुन्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न मोठी जागा व्यापून आहे. रेल्वे त्याआधीच आली होती: १८५५ ला वासिंदपर्यंत, १८६१ ला कसाऱ्यापर्यंत. लाकूड आणि कोळसा शहराकडे न्यायला वाट मिळाली. खैरापासून काथ काढणारे कातकरी पुढे ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबू लागले. दिवाळीनंतर बायकामुलांसह निघायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. माझ्या हजेरीपटावर ते महिने गैरहजेरीच्या खुणांनी भरलेले असत.

मग पाणी गेलं. तानसा तलाव १८९२ चा, वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा, त्यानंतर भातसा. मुंबईची तहान मुख्यतः या खोऱ्यांवर भागते. त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यांना टँकर लागतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण कातळावरून तो वाहून जातो.

म्हणून त्या कुटुंबांना मी पहिल्यांदा सातबारा वाचायला सांगितला. पुढचं पान उलटण्याआधी 'इतर हक्क' बघा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ पासून अनेक खाजगी जंगलं सरकारजमा झाली. उताऱ्यावर नाव खाजगी माणसाचं असलं, तरी जमीन वन असू शकते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. शहापूर तालुका सगळा अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भाग आहे. तिथं १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. ही कलमं अडथळा म्हणून वाचू नका. पाडा जेवढा टिकला, त्याला त्यांचाही आधार आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं १८७८ चा हिशोब थोडा तरी उलटा फिरवला. कसत असलेली वनजमीन आणि सामूहिक वनहक्क या दोन्हींचे दावे करता आले. मुरबाडमध्ये इंदवी तुळपुळे आणि श्रमिक मुक्ती संघटनेनं यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. रानावर आपला हक्क आहे असं कळलं की माणसं ते राखतात.

शहरातल्या माणसांना हे जमतच नाही, असं मी म्हणणार नाही. नेरळच्या बाजूला १९९४ मध्ये भरत मनसाटा आणि त्यांच्या मित्रमंडळींनी वर्गणी काढून चौसष्ट एकर जमीन घेतली. तिचं नाव वनवाडी. तोड झालेल्या त्या जमिनीला त्यांनी विश्रांती दिली, पाणी अडवलं आणि बहुतेक रान आपोआप उभं राहिलं. झाडांची नावं आणि उपयोग सांगायला आसपासचे आदिवासी होते. घरं त्यांनी मागं ठेवली. मला त्यांचा हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

या भागात आता समृद्धी महामार्ग पोचला आहे आणि जंगलाच्या नावानं प्लॉट विकणाऱ्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात. जमीन घेणाऱ्यांत एकत्र राहण्याचा विचार करणारी माणसं थोडी आहेत, म्हणूनच त्यांनी चुकू नये असं मला वाटतं. शेजारचा पाडा हा तुमच्या वसाहतीचा पहिला शेजारी आहे. तुमची बोअरवेल त्याच्या झऱ्याचं पाणी ओढणार असेल, तर सौरदिवे लावून आणि कूड लिंपून ते पाप फिटत नाही. विसार देण्याआधी एक मे महिना तिथं काढा. कोणत्या विहिरीला कधी तळ लागतो, ते डोळ्यांनी बघा. ग्रामसभेत बसा आणि आधी ऐका.

नकाशा त्यांनी गुंडाळून ठेवला. जमीन अजून घेतलेली नाही. येत्या मे महिन्यात आठांपैकी पाच कुटुंबं पाड्यावर राहायला येणार आहेत.