निनावी पदकाचा धनी

पवारांबरोबर, होळकर-शिंद्यांबरोबर आपले पूर्वज माळव्यात आले. कोणी शिलेदार म्हणून, कोणी कारकून म्हणून, कोणी पुजारी म्हणून. देवास, धार, महू, बागली, हाटपिपल्या अशा गावांतील जुन्या मराठी घरांत म्हणूनच तलवारी, सनदा आणि मोडीतील कागदांबरोबर कधी कधी फिती विटलेली पदकेही सापडतात. बहुतेक पदके इंग्रज सरकारची असतात. पण युद्धावरून परतताना शत्रूची पदके आठवण म्हणून आणण्याची चाल सर्वच सैन्यांत होती. त्यामुळे एखाद्या ट्रंकेत जर्मन पदकांची जुडीही निघू शकते. मग घरातील मुले विचारतात, हे कोणाचे? या साध्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधतात, ते या लेखात पाहू.

पहिली अडचण अशी की जर्मन पदकावर धन्याचे नाव नसते. सर्वांत प्रसिद्ध पदक म्हणजे आयर्न क्रॉस. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते सुरू केले. काळवलेले लोखंड आणि भोवती चांदीची कड, असे त्याचे साधे रूप. पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग लाखो सैनिकांना मिळाला. त्याच्या कडीवर बारीक अक्षरे दिसली की अनेकांना वाटते, हेच सैनिकाचे नाव. प्रत्यक्षात ती पदक घडविणाऱ्या कारखान्याची खूण असते. नाव असायचे ते पदकाबरोबर मिळालेल्या प्रमाणपत्रावर आणि सैनिकाच्या पुस्तिकेत. कागद हरवला की पदक मुके होते.

पण एकटे पदक मुके असले, तरी जुडी बोलते. जर्मन सैनिक आपली पदके एका पट्टीवर ओळीने शिवून घेत असे. ती ओळ वाचायची कशी, हे माळव्यातील माणसाला चटकन उमजेल. आपल्या देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात होती. शेजारी धार, इंदूर, ग्वाल्हेर. प्रत्येकाचा दरबार वेगळा, मानमरातब वेगळा. १९१४ चा जर्मनीही असाच होता. वर एक सम्राट, पण खाली प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी व वुर्टेम्बर्ग ही चार राज्ये आणि अनेक लहान संस्थाने. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक या व्यापारी शहरांचेही आपापले क्रॉस होते. म्हणून पट्टीवर बव्हेरियाचे पदक दिसले की शोध बव्हेरियाकडे वळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पट्टीवर आयर्न क्रॉस आहे, शेजारी बव्हेरियाचे तलवारींसह चौथ्या वर्गाचे मिलिटरी मेरिट ऑर्डर आहे आणि शेवटी तुर्कस्तानचे चांदणीच्या आकाराचे युद्धपदक. तलवारी म्हणजे युद्धातील कामगिरी. ऑर्डर म्हणजे धनी अधिकारी. शिपायांना त्याऐवजी क्रॉस मिळे. तुर्की चांदणी म्हणजे तो उस्मानी सैन्याच्या बाजूने लढला असण्याची दाट शक्यता. लाखो सैनिकांतून आपण आता थोड्या नावांपर्यंत आलो. पुढचे काम म्युनिकच्या लष्करी दप्तरखान्याचे, कारण बव्हेरियाच्या नोंदी पुष्कळशा शाबूत आहेत. धनी प्रशियाचा असता तर काम फार कठीण झाले असते. पॉट्सडॅम येथील प्रशियन सैन्याचे दप्तर एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाले. तेथे छापील अधिकारी-याद्या आणि मृत-जखमींच्या याद्या यांवरच भागवावे लागते.

यातही सावध राहावे लागते. सुटी पदके जमवून खोटी जुडी शिवणारे असतात. म्हणून फितींचा विटलेपणा सारखा आहे का, शिवण जुनी आहे का, मागचे कापड त्या काळचे आहे का, हे आधी पाहतात. आणि याद्यांतून दोन नावे जुळली तर एकही नाव सांगत नाहीत. एकच नाव उरले, तरच धनी सापडला असे म्हणतात.

ती तुर्की चांदणी आपल्याही इतिहासाला येऊन भिडते. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा घालणाऱ्या तुर्की सैन्याचा सेनापती होता जर्मन फील्ड मार्शल फॉन डेर गोल्ट्झ. तो १९ एप्रिल १९१६ रोजी बगदादला वारला आणि दहा दिवसांनी, २९ एप्रिलला, उपासमारीने खंगलेले सुमारे १३,००० सैनिक शरण गेले. त्यांतील कितीतरी जण कैदेतून परतले नाहीत. ज्यांनी प्राण दिले, त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक झाले. पण त्याच्या भिंतींवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांचा उल्लेख पलटणवार, केवळ संख्येने झाला.

येथे इंग्रजी पदकाचे मोल कळते. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर, तर १९१४-१५ च्या स्टारच्या पाठीवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ज्याचे नाव स्मारकाच्या दगडावर आले नाही, त्याचे ते या पदकाच्या धातूवर आहे. मजूर-हमालांच्या तुकड्यांना वॉर मेडल चांदीऐवजी काशाचे मिळाले, पण त्यावरही नाव आहे. आणि नेमकी चांदीची पदकेच भाव वाढला की सराफाच्या मुशीत गेली. घराण्यातील एका माणसाचे नाव अशा वेळी तोळ्यावर विकले जाते.

वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. नंबर पलटणीपुरता असे, म्हणून नंबर आणि पलटण एकत्रच उतरवून घ्यावी. आणि १९२२ च्या फेररचनेत पलटणींची नावे बदलली. १०३ ची पहिली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी बटालियन झाली आणि रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आले. मृत्यू पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाची यादी पाहावी. अनेक नोंदींत वडिलांचे नाव व गावही मिळते. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत जर्मनांशी लढताना पडलेले नाईक यशवंत घाडगे आजच्या रायगड जिल्ह्यातील. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकाच्या पट्टीमागे विजेत्याचे नाव आणि पाठीवर पराक्रमाची तारीख कोरण्याची रीतच आहे. त्यांचे नाव इटलीतील युद्धस्मारकावरही आहे.

जर्मन अधिकाऱ्याचे नाव शोधायला तज्ज्ञांना दप्तरखाने पालथे घालावे लागतात. आपल्या शिपायाचे नाव वाचायला भिंग आणि चांगला उजेड पुरतो. पदक ब्रासो लावून घासू नये, अक्षरे झिजतात. फीत जुनी असली तरी बदलू नये. नंबर, नाव, पलटण एका वहीत लिहावी, आजीला किंवा मोठ्या काकांना त्या माणसाविषयी विचारावे आणि ती वही पदकाबरोबरच ठेवावी. घरात शत्रूचे पदक निघाले तर तेही टाकू नये. तोही कोणाचा तरी मुलगा होता, आणि तेही घर कदाचित अजून त्याच्या खुणा शोधत असेल.

यंदा गणपतीत सारे कुटुंब एकत्र आहे. आरती झाल्यावर ती जुनी ट्रंक एकदा उघडावी.