नियम आणि निझति : वृक्षरक्षणाचा धम्मविचार

सम्राट अशोकाचा सातवा स्तंभलेख आज केवळ दिल्ली-टोपरा स्तंभावर आढळतो. राज्याभिषेकास सत्तावीस वर्षे झाल्यावर लिहविलेल्या या लेखात, पशू व मनुष्य यांना सावली मिळावी म्हणून मार्गांवर वड लावल्याचे व आमराया निर्माण केल्याचे सम्राट सांगतो. त्याच्या एक वर्ष आधीच्या पाचव्या स्तंभलेखाने निष्कारण किंवा प्राणिहिंसेसाठी अरण्य जाळण्यास मनाई केली होती. ती उघडउघड राजाज्ञा होती. परंतु सातव्या लेखात सम्राट स्वतःच्या आज्ञांचेही मूल्यमापन करतो. धम्माची वृद्धी दोन मार्गांनी होते, नियमाने आणि निझतीने. त्यांत नियम अल्प, निझतीच अधिक, असा त्याचा निष्कर्ष आहे. निझति म्हणजे चिंतनातून मनाला पटणे.

हाच विवेक विनयपिटकात दिसतो. आळवी येथील भिक्षू बांधकामासाठी झाडे तोडीत व तोडवीत असत. एका वृक्षदेवतेने विनविले असतानाही भिक्षूने कुऱ्हाड चालविली आणि तिच्या बालकाच्या हातावर घाव बसला. लोकही टीका करू लागले. तेव्हा भगवंतांनी वनस्पतीचा नाश करणे हे पाचित्तिय ठरविले. हा भूतगामवर्गातील पहिला नियम होय. लोक वृक्षाच्या ठायी जीव मानतात, असे कारण भगवंतांनी त्या वेळी दिले, हे लक्षणीय आहे. म्हणजे नियमाच्या मुळाशी लोकांची भावना होती. नियम तिच्या मागून आला.

ब्रिटिश राजवटीत हा क्रम उलटला. १८७८ व १९२७ च्या वन कायद्यांनी अरण्यावर सरकारी सत्ता दृढ केली. झाडांना संरक्षण मिळाले, पण ज्यांच्या सरपण-चाऱ्याचा आधार ती झाडे होती, ते गावकरीच अपराधी ठरू लागले. या कायद्यांत नियम होता, निझति नव्हती.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा अनुभव या संदर्भात मननीय आहे. हे गाव बौद्ध नाही. त्याची परंपरा स्वतंत्र आहे. तरीही अशोकाच्या शब्दाचा अर्थ तेथे प्रत्यक्ष दिसतो. धरणविरोधी लढ्यातून जागृत झालेल्या या गावाने १९८० च्या दशकापासून ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत स्वीकारली. प्रश्नांचा उलगडा करण्यासाठी अभ्यासगट चालविले. फळझाडे तोडू नयेत, जंगलास आग लागू देऊ नये, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. तेव्हा त्यांस कायद्याचा आधार नव्हता. होता तो परस्परांच्या संमतीचा.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा झाला. जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसमुदायाचा हक्क त्याने मान्य केला. २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरी संघर्ष संपला नाही. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते, तर १९२७ च्या कायद्याने त्यास झाडांत गणले होते. या विसंगतीमुळे बांबूचे वाहतूक परवाने अडले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबूला झाडांच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती २०१७ मध्ये झाली.

येथे नियमाची अवहेलना करण्याचा हेतू नाही. कायदा नसता तर मेंढ्याचा निश्चय कोणत्याही क्षणी बेदखल झाला असता. पण निश्चय नसता तर हक्काचा कागद दप्तरातच राहिला असता. आज अनेक गावांस वनहक्क मिळाले आहेत. तो नियमाचा भाग झाला. झाड का राखावयाचे, हे एकत्र बसून ठरविण्याचे कार्य मात्र प्रत्येक गावाला स्वतःच करावे लागेल. ते कोणताही अधिनियम करून देऊ शकत नाही.