माशाच्या तेलाचा माग

दरवर्षी जीवनसत्त्वांचा धडा निघाला की वर्गात तोच घोष ऐकू येतो. ‘अ’ जीवनसत्त्व कशात असते? गाजर, पालेभाज्या, दूध, लोणी, माशाच्या यकृताचे तेल! मुले हे पाढ्यासारखे म्हणतात आणि मीही ते पाढ्यासारखेच ऐकत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी मात्र मागच्या बाकावरचा एक कोळ्याचा मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, कुठल्या माशाचं?”

“कॉड,” मी म्हणालो.

“तो आमच्या बंदरावर येत नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. ज्या माशाचे नाव आपण पिढ्यान् पिढ्या औषधाच्या बाटलीवर वाचत आलो, तो कॉड उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. मग आपल्या मुलांच्या डोळ्यांसाठी हे तेल आले तरी कोठून? या प्रश्नाने मला जे वेड लावले, त्यातून हा लेख उतरला आहे.

यकृत खाल्ल्याने रातांधळेपणा जातो, हे ज्ञान जुनेच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर शेळीचे यकृत पिंपळीबरोबर सांगितले आहे. मराठीत तर ‘काळीज’ म्हणजे कवीच्या लेखी हृदय आणि खाटकाच्या लेखी यकृत. डोळ्यांच्या बाबतीत कवीपेक्षा खाटकाचा अर्थ अधिक उपयोगी पडला, एवढेच.

युरोपात तेलाची खाण म्हणजे नॉर्वेची लोफोटेन बेटे. बॅरेंट्स समुद्रातला कॉड दर हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी तेथे येतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कोळ्यांची झुंबड उडते. पूर्वी माशांची यकृते पिंपात भरून ठेवीत. ती कुजत आणि कुजता कुजता तेल वर तरंगे. पहिले तेल फिकट, मग तांबूस, शेवटचे काळसर. त्याचा वास कसा असेल याची कल्पना वाचकांनीच करावी! तरीही मँचेस्टरच्या रुग्णालयात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संधिवाताचे रोगी हे तेल पीत होते. १८५३ च्या सुमारास पेटर म्योलर नावाच्या नॉर्वेजियन औषधविक्याने ताजी यकृते वाफेवर शिजवून तेल काढण्याची युक्ती काढली. तेल स्वच्छ झाले, वास पुष्कळ उतरला आणि कोळीवाड्यातली ही वस्तू औषधांच्या दुकानात फळीवर जाऊन बसली.

तेलात नेमके काय आहे हे कळायला आणखी साठ वर्षे लागली. १९१३ साली अमेरिकेत मॅक्कॉलम व डेव्हिस यांनी, आणि त्याच सुमारास ऑसबर्न व मेंडेल यांनी, लोण्यात एक जीवनदायी द्रव्य असल्याचे दाखवले. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व ठरले आणि ते कॉडच्या तेलातही सापडले. १९२२ साली मॅक्कॉलमने तेल तापवून त्यातून ऑक्सिजन सोडला. ‘अ’ नाहीसे झाले, पण मुडदूस बरा करण्याचा गुण शिल्लक राहिला. त्या उरलेल्या गुणाला ‘ड’ हे नाव मिळाले.

पण प्रयोगशाळेतल्या उंदरांपेक्षा माझ्या मनात घर करून बसली ती डेन्मार्कची हकिकत. पहिल्या महायुद्धात या दुधातुपाच्या देशाला लोण्याला परदेशात चांगला भाव मिळत होता. लोणी बाहेर चालले होते, आणि गरिबांच्या घरी साय काढलेले दूध आणि वनस्पतिजन्य मार्गारीन एवढेच उरले होते. लहान मुलांचे डोळे कोरडे पडू लागले. बुबुळे मऊ होऊन फुटू लागली. कार्ल ब्लॉक नावाच्या कोपनहेगनच्या बालवैद्याने ही मुले पाहिली आणि त्यांना सायीचे दूध, लोणी व कॉडचे तेल दिले. ज्यांचे डोळे अजून गेले नव्हते, त्यांचे वाचले. पुढे युद्धामुळे निर्यात अडली, लोणी देशातच शिधापत्रिकेवर वाटले जाऊ लागले आणि हा रोग ओसरला. ज्या गावात लोणी निघते त्याच गावातली मुले आंधळी होतात, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो.

आपल्याकडेही हे दुखणे होतेच. कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेत डॉ. आयक्रॉइड यांनी दक्षिण हिंदुस्थानातील मुलांच्या डोळ्यांचा हा रोग पाहिला होता. कॉडचे तेल महाग म्हणून १९३७ साली त्यांनी व राइट यांनी ताडाच्या जातीच्या एका झाडाचे लाल तेल वापरून पाहिले आणि त्याचा गुण आला. तथापि मोठ्या रुग्णालयांच्या फळीवर बाटली असे ती कॉडचीच, आणि ती येई समुद्रापलीकडून.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि लोफोटेनचे तेल शत्रूच्या हाती गेले. त्या तेलापासून ग्लिसरीन निघते आणि ग्लिसरीनपासून स्फोटके. म्हणून ४ मार्च १९४१ रोजी ब्रिटिश तुकड्यांनी बेटांवर उतरून तेलाचे कारखाने जाळले. एकाच द्रवातून एका बाजूला मुलांचे डोळे वाचतात आणि दुसऱ्या बाजूला बॉम्ब भरला जातो! कादंबरीत मी असे लिहिले असते, तर टीकाकारांनी मला ओढूनताणून योगायोग जुळवतो म्हणून झोडपले असते.

आता आमच्या बंदराची पाळी आली. कालिकतला मद्रास सरकारने १९४० च्या सुमारास शार्कच्या यकृताचे तेल काढायला सुरुवात केली; त्रावणकोर आणि मुंबई इलाखाही या धंद्यात उतरले. शार्क म्हणजे आपली मोरी, म्हणजेच मुशी. तिचे मांस खारवून विकले जाई, पर चीनकडे जात, आणि यकृताचे ओबडधोबड तेल होड्यांना चोपडत. त्या यकृताला एकाएकी औषधाची किंमत आली. कृती तशी साधी: यकृताचे तुकडे करून पाण्यात शिजवायचे, वर आलेले तेल काढून घ्यायचे, पाण्याचा अंश घालवायचा, थंड करून गोठणारा भाग गाळून टाकायचा. निरनिराळ्या माशांच्या तेलाची ताकद निरनिराळी निघे. म्हणून शेंगदाण्याचे तेल मिसळून ती ठरलेल्या मापावर आणीत. शार्कच्या तेलात ‘ड’ कमी असते, ते वेगळे घालावे लागे. ‘अ’ मात्र भरपूर! आपल्या औषधसंहितेने शार्कच्या तेलाला ग्रॅमला किमान ६,००० एककांची अट घातली. कॉडच्या तेलाची किमान मर्यादा हजाराच्याही आत होती. म्हणजे नाइलाज म्हणून शोधलेला पर्याय मूळ वस्तूला मागे टाकणारा निघाला. बडोद्याच्या अलेंबिकचे ‘शार्कोफेरॉल’ पुढे घरोघर गेले. ज्या घरांत कांदालसूणही वर्ज्य, तेथेही ‘औषधाला दोष नाही’ म्हणत ते मुलांच्या तोंडात घातले गेले.

पण मोरीची बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सूपफिन नावाच्या शार्कचा भाव टनाला पन्नास-साठ डॉलर होता; युद्धाच्या काळात तो दोन हजारांपर्यंत चढला. जो तो जाळी घेऊन निघाला आणि थोड्याच वर्षांत शार्क मिळेनासे झाले. शार्क उशिरा वयात येतो, पिल्ले थोडी घालतो. बांगड्याचा हिशेब त्याला लागू पडत नाही. आपल्याकडे ज्याच्या यकृताच्या तेलाला मोठा मान होता, तो करवत मासा आता क्वचितच दिसतो. २००१ पासून त्याला कायद्याने संरक्षण आहे. त्याला एकट्या तेलाने संपवले असे मी म्हणणार नाही. ते दातेरी तोंड कोणत्याही जाळ्यात अडकते.

शार्कची सुटका केली ती रसायनशास्त्राने. १९४७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ऑटो इझ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ’ जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने, कारखान्याला झेपेल अशा कृतीने तयार केले. त्यासाठी लागे बीटा-आयोनोन, ते होई सिट्रलपासून, आणि सिट्रल निघे लेमनग्रासच्या तेलातून. हे तेल मुख्यतः केरळातले, कोचीनहून जगभर जाणारे. आपल्या परसातल्या गवती चहाचेच हे भावंड! पुढे आपल्या ठाण्यातल्या कारखान्यांतही लेमनग्रासपासून हे जीवनसत्त्व निघू लागले. १९७० पासून सरकारने लहान मुलांना सहा-सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा डोस द्यायला सुरुवात केली. अंगणवाडीत चमच्याने पाजतात तो हाच पिवळा, तेलकट डोस. त्यात मासा नाही.

‘ड’चा प्रवास आणखी निराळा. मेंढीच्या लोकरीतली चरबी काढून, तिच्यातल्या द्रव्यावर अतिनील किरण सोडून ते बनवतात. २०१८ च्या नियमांनुसार खाद्यतेलात आणि दुधात ‘अ’ आणि ‘ड’ घातली, की पिशवीवर निळ्या रंगात ‘+एफ’ अशी खूण छापतात. शुद्ध शाकाहारी माणूस ती पिशवी निर्धास्तपणे घरी आणतो, आणि मी त्याच्या आनंदात विरजण घालीत नाही.

आता सिट्रलसुद्धा गवतातून येत नाही. तेही बहुतांशी रासायनिक कारखान्यातच बनते आणि असे कारखाने जगात मूठभरच. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी जर्मनीत लुडविग्सहाफेन येथे सिट्रलच्या कारखान्याला आग लागली. ‘अ’ आणि ‘ई’ यांचा पुरवठा अडला आणि जगभर भाव कडाडले. १९४० साली नॉर्वे पडले तेव्हा आपल्याकडे निदान मोरी होती.

हे सगळे मी गेल्या वर्षी वर्गात सांगितले. तास संपला तरी मुले ऐकत होती. तो कोळ्याचा मुलगा शेवटी उठला आणि म्हणाला, “सर, मग परीक्षेत काय लिहू? कॉड, मोरी, की गवती चहा?”

मी त्याला पुस्तकात आहे तेच लिहायला सांगितले. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.