बाडापासून हस्तलिखितापर्यंत : मराठी वहीच्या पानावरील कलात्मक अक्षरलेखनाचा इतिहास
(कर्जत-खालापूर परिसराच्या विशेष संदर्भासह)

प्रस्तावना

चित्रवहीच्या पानावर एखादे वचन, तारीख किंवा स्थळाचे नाव निरनिराळ्या वळणांनी, रंगांनी व नक्षीने लिहिण्याचा छंद अलीकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत वाढलेला दिसतो. त्यासाठीची लेखण्या, कुंचले आणि जाड कागद यांची सामग्री बहुतेक परदेशी घडणीची असते, नमुनेही रोमन अक्षरांचे असतात. त्यामुळे हा छंद आपल्याकडे नव्यानेच आला असा समज सहज होतो. प्रस्तुत निबंधात हा समज तपासून पाहावयाचा आहे. मराठी भाषकांच्या खाजगी वहीत अक्षर हे केवळ अर्थवाहक नव्हते, ते पाहण्याचीही वस्तू होते, असे प्रतिपादन येथे केले आहे. या परंपरेतील एक दुवा, म्हणजे शाळा-महाविद्यालयांतील 'हस्तलिखित', इतिहासलेखनातून जवळजवळ निसटला आहे, हे त्याच प्रतिपादनाचे दुसरे अंग होय.

विवेचनासाठी लोधिवली व तिच्या आसपासचा खालापूर-कर्जतचा टापू समोर ठेवला आहे. मुंबई-पुणे महामार्गालगतचे हे गाव आज पाताळगंगा औद्योगिक क्षेत्राच्या शेजारामुळे ओळखले जाते. तथापि बोरघाटाच्या पायथ्याचा हा प्रदेश दळणवळणाच्या, म्हणून लेखनव्यवहाराच्याही, वाटेवर पूर्वापार आहे. मोठ्या कलाकेंद्रांचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. वाटेवरच्या गावांत अक्षर कसे पोहोचले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पोथी आणि बाड

जुन्या मराठी लेखनसाहित्यात पोथी आणि बाड हे दोन भिन्न प्रकार आहेत. पोथीची पाने सुटी, आडवी आणि दोन फळ्यांमध्ये बांधलेली असतात. बाड शिवलेले असते, शिवण बहुधा अरुंद बाजूस असते आणि पाने वर उलटून वाचावयाची असतात. पोथी ही पूजेत ठेवण्याची, तर बाड हे कीर्तनकाराने काखेत मारून गावोगाव नेण्याचे. बाडात एका पानावर अभंग, दुसऱ्यावर आरती, तिसऱ्यावर औषधाचा पाठ, चौथ्यावर उसनवारीचा हिशेब अशी सरमिसळ आढळते. आजच्या अर्थाने ज्याला व्यक्तिगत वही म्हणावे, ती मराठीत प्रथम या रूपात दिसते.

दोन्ही प्रकारांत रंगाला निश्चित काम होते. मजकूर काजळीच्या काळ्या शाईचा, अध्यायसमाप्ती व दंड हिंगुळाच्या तांबड्या रंगात. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी पिवळी हरताळ वापरीत. आपण बोलताना एखाद्या तत्त्वाला 'हरताळ फासली' असे म्हणतो, तो वाक्प्रचार लेखकाच्या या चौरंगावरून उठून भाषेत आला आहे. शोभा आणि शुद्धी यांची साधने एकाच पेटीत असत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा पुरावा समर्थ रामदासांच्या दासबोधात मिळतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' हा आहे. आपल्याकडे दासबोधाचा अभ्यास परमार्थ व राजकारण या दोन अंगांनी विपुल झाला. परंतु हा समास म्हणजे सतराव्या शतकातील मराठी अक्षरलेखनाची जणू पाठ्यपुस्तिका आहे, याची दखल कला-इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. त्यातील सूचना अत्यंत व्यावहारिक आहेत. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे व काळेभोर असावे. ओळी मोत्यांच्या माळांप्रमाणे चालाव्यात. पहिल्या अक्षराचे जे वळण तेच ग्रंथाच्या अखेरपर्यंत टिकावे, इतके की सारे एकाच टाकाने लिहिले असे वाटावे. फार बारीक लिहू नये, कारण तरुणपणी लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही. पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. पुढे नाना देशींचे बोरू, कागद, रंग, कातर, घोटण्याची साधने जमविण्याचाही उपदेश येतो.

समासाची ही सूचना केवळ सौंदर्यदृष्टीची नाही. समासकाराला ग्रंथ टिकवावयाचा आहे आणि टिकविण्यासाठी तो देखणा करावयाचा आहे, कारण देखण्या ग्रंथाला कोणी टाकून देत नाही. ज्या शिवथरघळीशी दासबोधाच्या रचनेची परंपरा जोडली जाते, ती आजच्या रायगड जिल्ह्यातच, महाड तालुक्याच्या बाजूस आहे. (हे महाड आणि खालापूर तालुक्यातील वरदविनायकाचे महड यांत नवख्या अभ्यासकाचा नेहमी घोटाळा होतो.)

मोडीचे वळण

पोथी-बाडाची लिपी मुख्यत्वे बाळबोध, दप्तराची मोडी. मोडीच्या उत्पत्तीचे श्रेय परंपरेने यादवकालीन हेमाद्रीस दिले जाते. मोडी लिहिताना प्रथम पानभर शिरोरेघा ओढून घेतात आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे त्या रेघांना लोंबती ठेवतात. शब्द तोडीत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहीत. वेग हाच जिचा हेतू, ती लिपी सौंदर्याची कशी झाली, हा प्रश्न रोचक आहे. याचे उत्तर वळणात आहे. न थांबणाऱ्या हाताला स्वतःची लय सापडते आणि ती लय घराण्याघराण्यांत शिकविली जाते. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी पेशवेकालीन वळणांची नावे रूढ आहेत, ती यामुळेच.

यांतील 'बिवलकरी' हे नाव वाचताच खालापूरच्या अभ्यासकाचे कान टवकारतात. महड येथील वरदविनायकाचे देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले असे सांगितले जाते. परंतु केवळ आडनावाच्या साम्यावरून लेखनशैलीचा संबंध देवळाशी जोडणे इतिहासाच्या शिस्तीत बसणारे नाही. स्थानिक अभिमानाने अशा उड्या पुष्कळ मारल्या आहेत.

मोडीच्या कागदावरही शोभेची ठरावीक स्थाने होती. शिरोभागी 'श्री', राजपत्र असेल तर माथ्यावर मुद्रा आणि शेवटी लेखन संपल्याची खूण करणारे मोर्तब. यांतील 'श्री' अद्याप जिवंत आहे. दिवाळीत पूजेला ठेवलेल्या चोपडीवर, लग्नपत्रिकेवर, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यातसुद्धा तो लिहिला जातो, आणि ज्याचे अक्षर एरवी अगदी सुमार तोही श्रीच्या वेलांटीला एक जादा वळसा देतो.

मात्र या देखण्या अक्षराची दुसरी बाजू विसरता कामा नये. कुळाच्या नावे किती खंड, कोणाची जमीन गहाण, हे ज्या कागदावर लिहिलेले असे तो कागद कूळ वाचू शकत नसे. खोतीच्या या जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरीचा संप १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चालला, त्यामागच्या अन्यायाचा हिशेब खोताच्या वहीतच होता. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर व कातकरी समाज तर लेखणीपासून आणखी दूर. वळणदार अक्षर ही दीर्घकाळ थोड्या घरांची मिरास होती. ते सर्वांचे झाले ते शाळेमुळे.

छापखाना आला, हात गेला नाही

छपाईने हस्ताक्षराचा अस्त केला, हे विधान मराठीपुरते तरी फार ढोबळ आहे. सेरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी आणि कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांनी छापला गेला. त्याच १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापण्यात आली. या उद्योगाची मूळ प्रेरणा नाना फडणीसांची, ज्यांनी खोपोलीस तलाव व वीरेश्वराचे देऊळ बांधविले. पत्र्यावर कोरलेले अक्षर खिळ्याचे नव्हे, हाताचे होते. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, म्हणजे लेखकाचे हस्ताक्षरच दगडावरून कागदावर उतरत होते. १८६९ मध्ये जावजी दादाजींचे निर्णयसागर सुरू झाले. त्यांच्या सुबक खिळ्यांमुळे देवनागरीला छापील शिस्त आली, आणि शिस्त आल्यावर हाताला सजावटीची मोकळीक मिळाली. मजकूर खिळ्याकडे गेला, शीर्षक हाताकडे राहिले.

मोडीचे मात्र उतरणीचे दिवस आले. १९१७ नंतर मुंबई इलाख्याच्या कारभारातून ती मागे पडत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही गेली. तिचा वचपा कागदांनी अलीकडे काढला. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील मोडी दप्तर वाचणारी माणसे शोधावी लागली.

हस्तलिखित : निसटलेला दुवा

कित्ता गिरविणे, पुस्ती काढणे, धूळपाटीवर बोट फिरविणे हे शालेय अक्षरसंस्कार सर्वपरिचित आहेत. यांच्या जोडीला दोन संस्था आल्या. पहिली रेखाकला परीक्षांची. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत भूमितीच्या उत्तरपत्रिकेतच अक्षरलेखन असे. चौकटी आखून, अक्षराची उंची-रुंदी मोजून, पट्टीने अक्षर 'बांधावे' लागे. मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्या विद्येचा सर्वांत दूरवर गेलेला कवडसा म्हणजे तालुक्याच्या शाळेतील चित्रकला शिक्षक. फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाची पाटी, गणपतीच्या मखरावरील नाव ही सारी त्यांच्या हातची.

दुसरी संस्था हस्तलिखिताची. वार्षिक छापणे न परवडणाऱ्या शाळेत मुलांच्या कथा-कविता सुवाच्य हाताने एकाच प्रतीत लिहून, चित्रे काढून, वहीसारखे बांधून ठेवीत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. पालगडच्या या कोकणपुत्राने खानदेशात केलेला हा उद्योग शब्दांसाठी स्मरला जातो, लेखनकष्टांसाठी फारसा नाही.

हस्तलिखिताच्या पानात एक लक्षणीय विभागणी दिसते. मजकूर बाळबोध वळणाचा, एकसारखा. समासातल्या उपदेशाप्रमाणे चोहोबाजूंनी मोकळी जागा, बहुधा तांबडी किंवा हिरवी रेघ ओढलेली. शीर्षक मात्र स्वैर. 'पाऊस' शब्दाची अक्षरे ओघळतात, 'दिवाळी'च्या वेलांटीची पणती होते, 'वारा'ची शिरोरेघ फडकते. अर्थाला अक्षराचे रूप देण्याची ही क्लृप्ती मुलांना कोठून मिळाली? याचे उत्तर त्या काळच्या वृत्तपत्रांत आहे. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक शीर्षकाला त्या नाटकाचा स्वभाव दिला. सकाळी पेपरात पाहिलेले अक्षर मुले संध्याकाळी वहीत उतरवीत. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी अक्षराला चिंतनाचा विषय केले आणि विंडोजमधील 'मंगल' हा देवनागरी टंकही घडविला. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणाचा अभ्यास करून ते आधुनिक देवनागरी सुलेखनात आणले. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मराठी सुलेखनाचा इतिहास सांगताना मोडी दप्तरावरून थेट या तिघांवर उडी मारली जाते. यांच्या कामाला जो वाचक मिळाला, जो शेडग्यांचे शीर्षक ओळखू शकला, तो हस्तलिखितात बोटे शाईने भरवून तयार झालेला होता. हे प्रतिपादन थोडे धाडसाचे वाटेल, पण चित्रकलेचा अन्य कोणताही संस्कार नसलेल्या गावांतून एवढा जाणता वाचकवर्ग दुसऱ्या कशाने घडला असेल, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला सुचत नाही.

येथे साधनाविषयी एक तांत्रिक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन अक्षरांच्या टाकाच्या उलट दिशेने तिरपे छाटतात. त्यामुळे जाड-बारीकपणाची वाटणी नेमकी उलटी होते. रोमन अक्षरात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते, तर देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. आज बाजारातील तयार टाक घेऊन जो विद्यार्थी चित्रवहीत मराठी लिहितो, त्याचे अक्षर नीटस असूनही परके दिसते, याचे कारण बहुधा हेच असते. टाक फेकून देण्याची गरज नाही. कापलेला बोरू अथवा डावखुऱ्यांसाठीचा तिरप्या टोकाचा टाक घेतला तरी काम भागते.

हस्तलिखिताचा मोठा दोष त्याच्या स्वरूपातच आहे : प्रत एकच. ते ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत येत नाही, कारण ते विकत घेतलेले नसते. संचिकेत येत नाही, कारण तो पत्रव्यवहार नव्हे. मुख्याध्यापकांच्या कपाटात राहते, इमारत नवी झाली की पोटमाळ्यावर जाते आणि एखाद्या साफसफाईत रद्दीच्या वजनात बसते. हुकमी जतन होते ते दप्तराचे, कारण त्यात जमीन असते. १९९० नंतर संगणकाची अक्षरजुळणी स्वस्त झाली, पुढे दुकानांच्या पाट्याही फ्लेक्सवर गेल्या, आणि रंगारी पेंटर व हस्तलिखित दोघेही एकदमच मागे हटले. खालापूर-कर्जतच्या शाळांत आज जी जुनी हस्तलिखिते उरली असतील, त्यांचे वय पन्नास-साठ वर्षांच्या आसपास असेल. साध्या आखीव कागदावर पाण्यात विरघळणारी निळी शाई कोकणातल्या पावसाळ्यात किती काळ तग धरते, हे येथील प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगावयास नको.

अशी प्रत हाती आल्यास नोंद कशाची करावी, याचेही संकेत ठरलेले नाहीत. वर्ष व संपादक यांची नोंद स्वाभाविकपणे होते. परंतु शीर्षके कोणी काढली, बोरूने, टाकाने की कुंचल्याने, शाई कोणती, नमुना कोणत्या वृत्तपत्रावरून घेतलेला दिसतो, हेही लिहून ठेवावयास हवे. जुना पोथीलेखक या बाबतीत अधिक सावध होता. ग्रंथ संपल्यावर तो शक, संवत्सर, तिथी, गाव आणि स्वतःचे नाव लिही, आणि पुष्कळदा पाठ मोडली, मान वाकली, डोळे शिणले, तेव्हा हे पुस्तक जपून ठेवा, अशी विनवणीही करी. हस्तलिखिताच्या अनुक्रमणिकेत कथा-कवितांच्या लेखकांची नावे ओळीने सापडतात. अक्षर काढणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव असलेच तर शेवटच्या पानावर, तळाशी, 'सजावट' या एका शब्दापुढे असते.